शनिवारचा शिकवायचा वर्ग

आमच्या मॅडम शिकवणाऱ्याकडे पाठ करून बसायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गात फळ्यापाशी उभी राहिले तेव्हा मला ते फार लागलं होतं. मी एम.फार्म.च्या पहिल्या वर्षाला होते. शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातून जळगावला आलेली, घरात अहिराणी, कॉलेजात इंग्रजी, आणि मधली मराठी जपून बोलायची. रात्रभर पाठ केलेलं सगळं घेऊन उभी होते, आणि ज्यांच्यासाठी पाठ केलं त्याच बाई खुर्ची उलटी फिरवून मुलांकडे तोंड करून बसल्या.

दर शनिवारी दुपारी त्या आम्हा एम.फार्म.च्या मुलांना आणि फार्म.डी.च्या रेसिडेंट्सना, म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरून पेशंटची औषधं बघणाऱ्या मुलांना, एका खोलीत जमवायच्या. एम.फार्म.ला आलं की खालच्या वर्गांची प्रॅक्टिकल्स घ्यावी लागतात. रेसिडेंट झालं की पेशंटला समजावून सांगावं लागतं, ज्युनिअर मुलांना हाताखाली घ्यावं लागतं. शिकवायचं कसं, हे मात्र तोवर कुणीच सांगितलेलं नसतं. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो असं सगळे धरून चालतात. मॅडम तसं धरून चालत नव्हत्या. त्या वर्गाला कॉलेजच्या वेळापत्रकात जागा नव्हती, त्याचे मार्क नव्हते. आम्ही त्याला ‘शिकवायचा वर्ग’ म्हणायचो.

त्या दिवशी माझा विषय होता थोडंसं औषध भरपूर भुकटीत कसं मिसळायचं हा. औषध चिमूटभर असतं आणि भुकटी वाटीभर. दोन्ही एकदम खलात टाकली तर औषध एका कोपऱ्यात राहतं, आणि एखाद्याच्या पुडीत जास्त जातं, एखाद्याच्या पुडीत काहीच जात नाही. म्हणून आधी औषधाइतकीच भुकटी घ्यायची, घोटायची, मग जेवढं झालं तेवढीच आणखी घालायची. मी ही व्याख्या पडद्यावर इंग्रजीत लावली आणि वाचून दाखवली. मग विचारलं, “समजलं का?”

सगळे म्हणाले, “हो.”

मॅडमनी मान न वळवता हात वर केला आणि पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं विचारलं, “मॅडम, सगळं एकदम टाकलं आणि खूप वेळ घोटलं, तर नाही का चालणार?”

मी पुन्हा तीच व्याख्या वाचली.

“हे तर तुम्ही मघाशीच सांगितलं, मॅडम.”

मुलं हसली. माझे कान तापले. मॅडम उठल्या, पडदा बंद केला, आणि कपाटातून खल, पांढरी भुकटी आणि लाल रंगाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, “तू बोलू नकोस. यांच्यातल्या कुणाला तरी एकदम टाकू दे. मग बघू.”

एका मुलाने चिमूटभर रंग वाटीभर भुकटीत टाकला आणि घाम येईस्तोवर घोटला. तरी लाल ठिपके दिसतच राहिले. मग दुसऱ्या मुलीने थोडं थोडं घेऊन घोटलं आणि सगळी भुकटी एकसारखी गुलाबी झाली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पण त्या दोघांच्या भोवती मुलं जमली होती, पुढे वाकून बघत होती, आणि मला पहिल्यांदा मॅडम कशासाठी पाठ करून बसतात ते दिसलं. नंतर त्यांनी सांगितलंही. “शिकवणाऱ्याकडे काय बघायचं? तो बरा बोलतो की वाईट, ते त्याच्या आईला विचारा. मी ऐकणाऱ्यांचे डोळे बघते. कुणाचे डोळे कधी निघून गेले, एवढंच मला सांगायचं असतं.”

आणि तेवढंच त्या सांगायच्या. “तू तीच व्याख्या पुन्हा वाचलीस तेव्हा खिडकीकडची दोघं गेली. बाटली निघाली तेव्हा परत आली.” चांगलं झालं, वाईट झालं असं कधी नाही.

त्यांचा आवाज थोडा घोगरा होता. वाक्यं लांब असायची, पण घाई नसायची. एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून त्या काहीतरी आठवल्यासारख्या थांबायच्या, आणि आपण मनात ते पुरं करत असतानाच उरलेलं अर्धं वेगळंच काहीतरी घेऊन यायचं. त्यांच्या वर्गात फोन चालू ठेवायला बंदी होती. त्यामुळे त्या आवाजाचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. मी सगळ्यांना विचारून पाहिलं आहे.

‘समजलं का’ या प्रश्नालाही त्यांच्याकडे बंदी होती. “त्याला उत्तर एकच असतं,” त्या म्हणायच्या. “न समजलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो, कारण त्याला घरी जायचं असतं.” आणि प्रश्न विचारला की गप्प राहायचं, ही दुसरी शिस्त. हे मला सगळ्यांत जड गेलं. प्रश्न विचारून झाल्यावर वर्गात जी शांतता पडते ती मला सहन व्हायची नाही. मी आपणच उत्तर देऊन टाकायचे. मॅडम म्हणायच्या, “अगं, त्याच्या डोक्यात आत्ता कुठे चूल पेटते आहे आणि तू पाणी ओतलंस.”

वर्षाच्या शेवटी शेवटी आम्हाला वॉर्डात पाठवायला सुरुवात झाली. तिथे पारोळ्याकडची एक आजी होती, दम्याची. तिला श्वासाचा पंप दिलेला, पण ती तो तोंडासमोर धरून अत्तर उडवल्यासारखा उडवायची आणि औषध सगळं हवेत. आमचा रेसिडेंट तिला समजावत होता, “आजी, श्वास आत घेत असतानाच कळ दाबायची.” आजी प्रत्येक वेळी ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायची आणि प्रत्येक वेळी पंप हवेत उडवायची. तो चौथ्यांदा सांगायला लागला तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी पलंगावर तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, “आजी, चुलाले फुकनी लावतस ना? फुक मारतस ना? हाई तेन्हं उलटं. फुक मारानी नही, आत वढानी.”

आजीने माझ्याकडे नीट पाहिलं. “कोनती शे तू? कोठली?”

मी गाव सांगितलं. ती हसली. मग मी तिला म्हटलं, “आते तू माले करी दखाड.” तिने करून दाखवलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा निम्मं जमलं, तिसऱ्यांदा औषध आत गेलं आणि ती खोकली आणि म्हणाली, “कडू शे वं.” म्हणजे बरोबर गेलं होतं.

मॅडम दारात उभ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, “ही मुलगी शनिवारी कुठे असते?”

“कोण?”

“ही, पलंगावर बसली होती ती. शनिवारी माझ्याकडे एक दुसरीच येते. घाबरलेली, इंग्रजी वाचणारी. तिला घरी ठेव आणि हिला पाठव.”

पुढच्या शनिवारी मी अहिराणीत शिकवलं. वर्गात निम्म्यांना अहिराणी येत होती आणि ते ती लपवत होते. उरलेल्यांना कळत होती. सुरुवातीला खूप हसले सगळे. मीही हसले. पण नंतर हसणं थांबलं आणि कुणाचे डोळे कुठे गेले नाहीत. मॅडम मुलांकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही. त्यांच्या अंबाड्याकडे बघत मी शिकवत होते. संपल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. सांगण्यासारखं काही नसलं की त्या बोलायच्या नाहीत. मी त्या दिवशी होस्टेलपर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही.

पुढे सगळं इंग्रजीतच शिकवावं लागलं, परीक्षाच तशी असते. पण त्या शनिवारनंतर माझं इंग्रजीही बदललं. मी वाचायची बंद झाले. बोलायला लागले.

मला धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. दोन-तीन वर्षांनी तिथेही रेसिडेंट मुलं आली, आणि मी कुणाला न विचारता शनिवारी दुपारी एक खोली उघडून बसू लागले. पहिल्या दिवशी तिघं आले, त्यातला एक चुकून. मी खुर्ची उलटी फिरवली आणि मला फार अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्याची साडी नेसून उभं राहावं तसं.

त्या दिवशी घरी जाताना मी मॅडमना फोन केला. त्या निवृत्त झाल्या होत्या, जळगावात थोरल्या बहिणीबरोबर राहत होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. बहिणीला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचे. मॅडमनी विचारलं, “आज कोण उभं होतं?” मी सांगितलं. “काय शिकवलं? कोण कधी गेलं?” मी तेही सांगितलं. मग त्या बोलल्या, खूप वेळ बोलल्या, आणि मी देवपूरच्या रस्त्याकडेला एका रसवंतीपाशी गाडी लावून ऐकत राहिले. तेव्हापासून दर शनिवारी हा फोन ठरलेला. वर्षानुवर्षं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, करोनात वर्ग बंद पडून पुन्हा सुरू झाला, फोन मात्र थांबला नाही. आमच्यात घरगुती बोलणं जवळजवळ नव्हतंच. त्यांना माझ्या नवऱ्याचा व्यवसाय बहुतेक माहीत नसावा. पण माझ्या वर्गातला कोणता मुलगा प्रश्न विचारून लगेच आपणच उत्तर देतो हे त्यांना माहीत असायचं. “त्या घाईवाल्याचं काय झालं?” असं त्या विचारायच्या.

एका शनिवारी फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. पुन्हा केला, तेच. थोड्या वेळाने अक्कांचा फोन आला. “अगं, तिला ॲडमिट केलंय. सकाळी चहा घेताना कप पडला हातातून. उजवी बाजू गेली.”

मी रविवारी पहिल्या एस.टी.ने जळगाव गाठलं. मॅडम पलंगावर होत्या. तोंड किंचित वाकडं झालेलं, उजवा हात चादरीवर नुसता ठेवलेला. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत ओळख आली, अगदी पुरी. मग त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, “चमचा.”

मी टेबलावरचा चमचा उचलला. त्यांनी जोरात मान हलवली. “चमचा,” पुन्हा म्हणाल्या, चिडून, आणि माझ्याकडे बोट केलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना बहुतेक विचारायचं होतं, कधी आलीस. किंवा कशी आलीस. शब्द आत होते, बाहेर येताना एकच येत होता. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना जवळजवळ सगळं, बोलण्याचा भाग दुखावला आहे. लिहिणंही गेलं होतं. हात हळूहळू सुधारेल, बोलण्याचं काही सांगता येत नाही.

मी विषयाने औषधांची माणूस. मेंदूत रक्त अडल्यावर काय होतं, कोणती गोळी कशासाठी, हे सगळं मी मुलांना शिकवते. त्या दिवशी मला त्यातलं काही आठवलं नाही. मी परत येताना खिडकीशी बसून पारोळ्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मग मॅडमना घरी आणलं आणि माझे रविवार जळगावचे झाले. वाचा शिकवणाऱ्या एक बाई, स्पीच थेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा यायच्या. चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे पेशंट फार. म्हणून त्यांनी चित्रांची कार्डं दिली आणि म्हणाल्या, घरातल्यांनी रोज करून घ्यायचं. सफरचंद, मांजर, चेंडू, बस. अक्का थकलेल्या, त्यांना ते जमायचं नाही. मी करून घ्यायला बसले. “मॅडम, हे काय आहे? स... सफ...” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने कार्डं उचलली आणि एकेक करत जमिनीवर टाकली. सगळी. मांजर उलटं पडलं.

अक्का म्हणाल्या, “तिला राग फार येतो आता.”

पण राग आजारातून आलेला नव्हता, मला वाटतं. आयुष्यभर शिकवत आलेल्या बाईला मी सफरचंद शिकवत होते.

पुढच्या वेळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पिशवी भरून नेली. खल, मोजपात्र, गोळ्यांची पाकिटं, मलम कालवायचा बोथट चाकू, श्वासाचा पंप. एवढं सामान एकटीला उचलवत नव्हतं आणि मला परत लवकर यायचं होतं, म्हणून माझ्या वर्गातले दोन रेसिडेंट बरोबर आले, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी अमळनेरची, मुलगा धुळ्याचाच, अत्तराच्या व्यापाऱ्याच्या घरातला, बोलका आणि लाघवी. दोघांनी मॅडमना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून मात्र इतकं ऐकलं होतं की दारात दोघंही पाया पडायला वाकले आणि मॅडम संकोचल्या.

मुलगा पुढे झाला. खल त्यांच्यासमोर धरून म्हणाला, “मॅडम, याला काय म्हणतात?” आणि श्वास घ्यायच्या आत, “खल ना? म्हणा, खल.”

मॅडमनी मान फिरवली.

मी त्याला म्हटलं, “उत्तर देऊ नकोस. थांब.”

“किती वेळ, मॅम?”

“त्या सांगतील.”

त्याने खल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गप्प बसला. त्याला गप्प बसणं किती कठीण जात होतं ते त्याच्या गुडघ्यावरून कळत होतं, सारखा हलत होता. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. अक्कांनी आत कुकर लावला. मॅडमनी डाव्या हाताने बत्ता धरला, खलात एकदा फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. ओठ हलले. काही आलं नाही. मला वाटलं आपण बोलावं, सोडवावं त्यांना. मी पिशवीतली गोळ्यांची पाकिटं मोजत बसले. त्या आणखी घोटत राहिल्या, रिकामाच खल, आणि मग घोटता घोटता, बत्त्याकडे बघत, म्हणाल्या, “घोट.”

त्यांनी वस्तूचं नाव सांगितलं नव्हतं, कामाचं सांगितलं होतं. पण ते चमचा नव्हतं. मुलगा आनंदाने टाळी वाजवणार होता, मुलीने त्याचा हात धरला.

मग मॅडमनी एक गोष्ट केली. मुलगा उभा राहून त्यांच्यावर वाकून विचारत होता. त्यांनी डाव्या हाताने त्याची बाही धरली आणि खाली ओढली. तो बसला. आणखी खाली ओढली. तो जमिनीवर बसला, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. मग त्यांनी बाही सोडली आणि मान हलवली, चल, आता विचार.

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे टिपत होत्या आणि हसत होत्या. “वर्ग घेते आहे बघ,” त्या म्हणाल्या.

असा तो वर्ग पुन्हा भरू लागला. मी धुळ्याचे रेसिडेंट्स आणि एम.फार्म.ची मुलं आळीपाळीने जळगावला नेऊ लागले, दोघं-दोघं, एस.टी.ने. ज्याला शिकवायला शिकायचं त्याने मॅडमना शिकवायचं. मॅडम शिकणाऱ्याच्या जागी बसायच्या, आणि शिकणाऱ्याच्या जागेवरून त्या जे सांगायच्या ते बोलून सांगणं कधीच शक्य नव्हतं. कुणी भरभर बोललं तर डोळे मिटून घ्यायच्या. कुणी लहान मुलाशी बोलावं तसं बोललं तर भिंतीकडे बघायच्या. कुणी दोन प्रश्न एकदम विचारले तर दोन बोटं वर करायच्या आणि त्यातलं एक खाली दुमडायच्या. आणि कुणी नीट थांबलं तर प्रयत्न करायच्या, घाम फुटेपर्यंत. अमळनेरची ती मुलगी सगळ्यांत चांगली निघाली. ती फार हुशार नव्हती. तिला कशाची घाई नव्हती, एवढंच. आज ती अमळनेरजवळच्या एका कॉलेजात शिकवते. तो बोलका मुलगाही शिकला. पुढे दवाखान्यात त्याला पेशंटसमोर जमिनीवर बसून बोलताना मी पाहिलं आणि वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या, “तुमचा हा मुलगा सगळ्या म्हाताऱ्यांचा लाडका आहे.”

शब्द आले, थोडे. घोट, दे, नाही, गरम, तू. ‘तू’ त्या माझ्याकडे बोट करून म्हणायच्या. माझं नाव त्यांना अजून आलेलं नाही.

एवढं सगळं होत असताना मला मुलांबद्दल समाधान वाटायचं, आणि तरी रविवार संपत आला की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. त्यांना आज काय वाटलं हे मला विचारायचं असायचं. ‘कोण कधी गेलं’ हे मला त्यांच्याकडून ऐकायचं असायचं, लांब वाक्यात, मध्ये थांबून. त्या समोर बसलेल्या असायच्या आणि मला त्यांची आठवण यायची.

मग अक्कांचे गुडघे गेले. दोघी बहिणींचं एकमेकींकडून होईना. सावद्याला त्यांच्या भावाचं घर, केळीची बाग, माणसांचा राबता. भाऊ येऊन दोघींना घेऊन गेले. सावदा धुळ्याहून लांब, दोन गाड्या बदलायच्या. मुलांना दर आठवड्याला तिथे नेणं शक्य नव्हतं. जळगावचा तो वर्ग तेव्हा संपला. धुळ्याला माझा चालू राहिला, अजून आहे.

मी सुट्टीत सावद्याला गेले. बागेत केळीची कापणी चालली होती, घरासमोर ट्रक लागला होता, माणसं घड खांद्यावर घेऊन ये-जा करत होती. मी ओट्यावर चपला काढत होते आणि आतून मला मॅडमचा आवाज आला. घोगरा, तोच.

“बस व माय, मले नोको इतकी साखर.”

मी तशीच उभी राहिले. भावाच्या सुनेने काहीतरी विचारलं, आणि मॅडम म्हणाल्या, “कवा येईन तो? केयी कापून झाली का?” थांबत, अडखळत, पण वाक्यं. पुरी वाक्यं. या भाषेत मी त्यांना कधीही बोलताना ऐकलं नव्हतं. कॉलेजात त्या शुद्ध मराठी आणि शुद्ध इंग्रजी बोलायच्या. सावद्याचं हे घरचं बोलणं त्यांनी कोवळ्या वयातच मागे ठेवलं असणार.

मी आत गेले. त्यांनी मला पाहिलं, चेहरा फुलला, बोट माझ्याकडे केलं. “तू,” म्हणाल्या. आणि पुढचे शब्द गेले. मला दिसलं ते जाताना. माझ्याशी बोलायला त्या दुसऱ्या भाषेच्या दाराशी गेल्या, आणि ते दार बंद होतं.

वाचा शिकवणाऱ्या बाईंना मी नंतर फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं, कोणती भाषा आधी परत येईल ते आपल्या हातात नसतं. तुम्ही त्यांच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलून बघा.

मला ती बोली येत नाही. माझी अहिराणी पश्चिमेची, त्यांचं बोलणं पूर्वेचं. थोडं मिळतं, थोडं नाही. पण मी शिकते आहे. सुट्टी पडली की जाते, सुनेजवळ स्वयंपाकघरात बसते, कान देते. मॅडमना माझ्या चुका कळतात आणि त्या हसतात. गेल्या खेपेला मी त्यांना जमेल तसं सांगितलं की वर्गात एक नवी मुलगी आली आहे, फार घाबरते, फळ्याकडे तोंड करून शिकवते. सगळं बोलीत सांगता आलं नाही, अर्ध्यात माझी मराठी घुसली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, भुवया जवळ आल्या, हात हवेत गेला. मी थांबले. सून पोळ्या करता करता थांबली. “तिले...” मॅडम म्हणाल्या. मग परत, “तिले...” आणि हात खाली आला, आणि त्या हसल्या, आपल्याच हाताकडे बघत. 

तिला काय, ते मला कळलं नाही. मी बरेच अंदाज केले आहेत.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. त्या दिवशीही केळीचा ट्रक भरून गेला होता, रस्त्यावर हिरवी पानं पडली होती. त्या माझ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या, तो उजवा, आता थोडा उचलता येतो. मला त्यांच्या तोंडून एक लांब वाक्य ऐकायचं आहे अजून. कोणत्याही भाषेत. कशाबद्दलही चालेल, केळीबद्दलही.